खोडलेले सात आकडे

आमच्या प्रयोगशाळेत भर दुपारी अंधार करावा लागतो. खिडक्यांना जाड काळे पडदे, दाराखालच्या फटीत गुंडाळून घातलेलं गोणपाट, आणि भिंतीतल्या झरोक्याला मी स्वतः चिकटवलेला पुठ्ठा. भिंतीपलीकडे लूम चालू असतात, त्यांची खडखड मात्र कशानेही अडत नाही. मी स्टूल ओढून एका स्टीलच्या टाकीसमोर बसते. टाकीतली हवा पंपाने काढून घेतलेली असते. आत कोळसा झालेल्या सुताचा एक तुकडा आणि त्याच्यासमोर, अगदी थोड्या अंतरावर, रसायन फासलेली काच. व्होल्टेज हळूहळू चढवत नेलं की एका क्षणी त्या काचेवर हिरवे ठिपके उजळतात. मग मी आकडे लिहायला घेते.

या अंधारात मला दोन माणसं भेटतात. एक माझे वडील. ते मागल्या वर्षी गेले. त्यांचा खोकला मला पंपाच्या बाजूने ऐकू येतो. दुसरी माझी पहिली विद्यार्थिनी. ती चांगली जिवंत आहे, मानकोलीच्या एका गोदामात कामाला आहे, आणि वडिलांच्या खोकल्यापेक्षा तिच्या आवाजाची मला जास्त भीती वाटते. ती माझ्या डाव्या खांद्यामागे उभी राहून आकडे मोठ्याने वाचते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, कुणी ठेवत असेल तर त्याला चारचौघांत फाडून खाते. तरीही गेली तीन वर्षं मी त्या खोलीत डावीकडे मान वळवलेली नाही.

मला तिला एकच वाक्य सांगायचं होतं. तू बरोबर होतीस, मी चुकले. लहान पोरालाही पाठ होईल एवढं सोपं वाक्य. ते माझ्या तोंडून बाहेर पडायला तीन वर्षं गेली.

सात वर्षांपूर्वी मी कॉलेजात नवी होते आणि स्वतःवर भलतीच खूष होते. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेने मोडीत काढलेली ती टाकी मी टेम्पोत घालून आणली होती. शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणत होते की हे भंगार आहे. मला तेवढंच पुरे असतं. कुणी नाही म्हटलं की मी हट्टाला पेटते, आई म्हणते तसं. सहा महिन्यांत मी त्या भंगारातून काम काढून दाखवलं.

काम होतं थंड कॅथोडचं. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये तार लाल होईपर्यंत तापवायचे, तेव्हा कुठे तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडायचे. थंड कॅथोडला तापवावं लागत नाही. टोक पुरेसं बारीक असलं आणि समोरून ओढ पुरेशी जोरात असली, तर इलेक्ट्रॉन गारच्या गार बाहेर येतात. पाठ्यपुस्तकात याला शीत ऋणाग्र म्हणतात. वर्गात हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर खसखस पिकते, म्हणून मीही कॅथोडच म्हणते.

मोठ्या प्रयोगशाळा यासाठी महागडी द्रव्यं वापरतात. आमच्याकडे होतं सूत. कापसाचं सूत हवा नसलेल्या भट्टीत भाजलं की त्याचा कोळसा होतो, पण तंतूचा आकार तसाच राहतो, आणि ते तंतू चांगले इलेक्ट्रॉन सोडतात. भिवंडीत राहून दुसरं काय वापरायचं? ही कल्पना माझी होती. ती माझी होती हे मी भेटेल त्याला सांगायचे.

माझे वडील सायझिंगला होते. सायझिंग म्हणजे जिथे सुताला खळ लावतात तो कारखाना. लूमवर उभा ताणलेला ताणा सारखा घासला जातो, म्हणून विणण्याआधी त्याला पिठाच्या शिजवलेल्या खळीत बुडवून सुकवतात. आडव्या बाण्याला तो त्रास नसतो. वडिलांच्या कपड्यांना, केसांना, डब्यालासुद्धा त्या आंबूस खळीचा वास यायचा. आमचं कोन गावातलं घर त्या वासात वाढलं. मी त्यांना म्हटलं, मला थोडं सूत हवंय, एकदम स्वच्छ. दोन दिवसांनी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं सूत त्यांनी माझ्या हातात ठेवलं. कुठून आणलं हे मी विचारलं नाही. सायझिंगमधला माणूस सूत आणणार सायझिंगमधूनच, यात विचारायचं काय?

ती विद्यार्थिनी वळ गावची. शेतकरी घरातली, त्यांच्या भाताच्या शेतांवर आता गोदामांचे पत्रे चमकतात. एम.एस्सी. करून ती माझ्याकडे आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. बारीक अंगाची, सावकाश बोलणारी, पण हात इतका स्थिर की चिमट्याने तंतू उचलून सुईवर बसवताना मी श्वास रोखायचे आणि ती गुणगुणायची. मोजणी करताना तिला प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायची सवय होती. आधी आकडा म्हणायचा, मग लिहायचा. मला त्या सवयीचा राग यायचा. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, मॅडम, ऐकलेला आकडा चुकत नाही.

आमच्या कामात आकडे एका ठरलेल्या पद्धतीने मांडले की कागदावर सरळ रेघ यावी लागते. रेघ सरळ आली म्हणजे इलेक्ट्रॉन खरोखर थंड कॅथोडच्या रीतीनेच बाहेर पडताहेत. तिची रेघ सरळ आली. फक्त वरच्या टोकाला, जिथे करंट सगळ्यात जास्त, तिथले सात आकडे रेघ सोडून खाली झुकले होते. व्होल्टेज वाढतंय, पण करंट वाढायला हवा तेवढा वाढत नाही.

मी तो वाक पाहिला आणि मला तत्क्षणी उत्तर सापडलं. खळ. सुतावर पिठाची खळ असणार, भाजल्यावर तिची राख तंतूवर राहिली असणार, आणि तीच करंटला आडवी येतेय. दुसऱ्या कुणाला हे सुचायला महिना लागला असता. सायझिंगवाल्याच्या मुलीला एका नजरेत कळलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. सूत नीट धुतलं नाहीस, एवढंच तिला म्हणाले.

ती म्हणाली, तीनदा धुतलंय. मी म्हटलं, खळ अशी तीनदा धुऊन जात नाही, मला विचार.

पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन आली. तिने सूत आणि काच यांच्यातला गॅप वाढवून पुन्हा मोजलं होतं. त्या दिवशी ती जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"मॅडम, दोष सुतात असता तर गॅप बदलल्यावर वाक जागचा हलला नसता. तो हललाय. गॅप वाढवला की वाक आधी येतो."

मग तिने मला समजावलं. हो, तिने मला. जे इलेक्ट्रॉन आधी बाहेर पडलेत ते अजून मधल्या जागेतच आहेत. ते मागून येणाऱ्यांना मागे रेटतात, कारण सगळ्यांचा विद्युतभार एकाच जातीचा. करंट थोडा असतो तेव्हा हे जाणवतही नाही. जास्त झाला की समोरच भार साठतो आणि कॅथोडवरची ओढ कमी पडते. शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या गेटसमोर जे होतं तसं, ती म्हणाली. पुढचे बाहेर पडून तिथेच घोळक्याने बोलत उभे राहतात आणि मागच्यांना गेटातून निघता येत नाही. आतल्यांची काही चूक नसते.

याला स्पेस चार्ज म्हणतात हे मला माहीत होतं. पुस्तकात होतं. पण पुस्तकात हेही होतं की लहान सेटअपमध्ये तो सहसा दिसत नाही, आधी आपले जोड आणि आपली स्वच्छता तपासावी. मी तिला तेच ऐकवलं. जगातल्या मोठमोठ्या लोकांना जे सहज दिसत नाही ते तुला भंगाराच्या टाकीत दिसलं का, असंही म्हणाले. हे वाक्य मी बोलले नसते तर बरं झालं असतं. तिचा चेहरा उतरला, पण ती वाद घालत बसली नाही. मी तिला ते सात आकडे खोडायला सांगितले. खोडलेलं नेहमी वाचता आलं पाहिजे, हा प्रयोगशाळेचा नियम. तिने पट्टी ठेवून प्रत्येक आकड्यावर एकेक बारीक रेघ मारली. तो तिचा हात मला आजही दिसतो.

त्यानंतर तिची फेलोशिपची मुलाखत झाली. ती मिळाली असती तर तिला पाच वर्षं फक्त संशोधन करता आलं असतं. घरून लग्नाचा आणि नोकरीचा तगादा चालू होता आणि फेलोशिप हे त्या दोन्हींना तिचं एकमेव उत्तर होतं. मुलाखतीला मार्गदर्शक म्हणून मी शेजारी बसले होते. समितीतल्या एकाने आलेख पाहून विचारलं, रेघ मध्येच का थांबली, वरचे आकडे कुठे आहेत? तिने खोटं सांगितलं नाही. घेतले होते, पण काढून टाकले, म्हणाली. का काढले? तिने माझ्याकडे पाहिलं.

सूत माझं होतं, कल्पना माझी होती, खळीचं निदानही माझं होतं. मी म्हणाले, नमुना नीट स्वच्छ झाला नव्हता, थोडा निष्काळजीपणा झाला.

कुणाचा, ते मी म्हटलं नाही. समोरच्यांनी लिहून घ्यायचं ते लिहून घेतलं. फेलोशिप मिळाली नाही. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी बस. ती म्हणाली, बघते. दोन महिन्यांनी किल्ली परत द्यायला आली तेव्हा गळ्यात गोदामाचं ओळखपत्र होतं. ड्युटीवरूनच आले, म्हणाली. वही माझ्या टेबलावर ठेवली आणि जाताना टाकीवर हात फिरवून गेली. मला तेव्हा वाईट वाटलं, पण कबूल करते, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

मधे लॉकडाऊन आलं. टाकी दीड वर्ष बंद राहिली. वडिलांचं सायझिंग बंद पडलं ते पुन्हा सुरू झालंच नाही, आणि ते घरी बसले. एका रविवारी मी कपाट आवरत होते, त्यात तो साडीच्या खोक्याचा पुठ्ठा निघाला. त्यावर अजून थोडं सूत शिल्लक होतं. वडील बाजेवर बसले होते. मी सहज म्हटलं, तुमच्या या खळीने माझा एक प्रयोग बिघडवला बरं का.

त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, सुताचं टोक जिभेला लावलं, मग दोन बोटांत चोळलं.

"याला खळ न्हाय," ते म्हणाले. "तू साफ सूत पायजे म्हणालीस ना? म्हणून शेजारच्या लूमवरनं बाण्याचं आणलं. बाण्याला कोण खळ लावतं गं?"

कोणीच लावत नाही. हे मला पाचवीत माहीत होतं. त्या घरात वाढलेल्या कुणालाही ते वेगळं सांगावं लागत नाही. बाहेरच्या माणसाला खळ मुळात सुचलीच नसती, आणि त्याने त्या मुलीचं म्हणणं निदान तपासून तरी पाहिलं असतं. मला माझ्या बापाचा कारखाना आड आला. त्याच्याबद्दल मला सगळं ठाऊक आहे, या तोऱ्यात मी सुताला साधा हातही लावून पाहिला नव्हता. खळीचं सूत हाताला करकरीत लागतं. हे मऊ होतं.

दुसऱ्याच दिवशी मी प्रयोगशाळेत जाऊन पडदे ओढले. तिने सुईवर बसवलेला जुना नमुना डबीत तसाच होता. तो चढवला, दोन दिवस पंप चालवला, आणि व्होल्टेज वाढवत गेले. काचेवर ठिपके उमटले. वरच्या बाजूला तीन जवळजवळ, खाली एक एकटा. तिने वहीत पेन्सिलने काढून ठेवले होते तसेच, त्याच जागी. माणूस निघून गेलं, आणि त्याने बसवलेला तंतू चार वर्षांनी तेच ठिपके दाखवत होता.

वही मी मांडीवर उघडी ठेवली होती. करंट तिच्या आकड्यांवरून एकेक पायरी चढत गेला. वरच्या टोकाला येताच रेघ झुकायला लागली. मी एकेक आकडा लिहीत होते आणि तो तिच्या खोडलेल्या आकड्याशी जुळत होता. तिसऱ्या आकड्याला मला तिचा आवाज ऐकू आला. मीटर वाचण्याआधी. चौथा तिने सांगितला आणि मी मीटर पाहिला, तर तोच. मी वहीतला आकडा नकळत वाचला असणार, एवढंच ते असणार. पण त्या वेळी मी स्टुलावरून उठले आणि पडदा फाडल्यासारखा बाजूला केला. बाहेर ऊन होतं, लूम चालू होते, पलीकडच्या अंगणात दोन मुली ओढण्या वाळत घालत होत्या.

गॅप बदलून पाहायला मला आणखी आठ दिवस लागले, कारण उत्तर मला माहीत होतं. गॅप वाढवला. वाक आधी आला. ती म्हणाली होती तसाच.

लगेच जाऊन सांगायचं ना? मानकोली काही परदेशात नाही. मी त्याच आठवड्यात फोन हातात घेतला होता. मग वाटलं, आधी आणखी दोन नमुने तपासू, पक्कं करू. ते केलं. मग वाटलं, परीक्षांचे दिवस आहेत, निवांतपणे बोलू. सुट्टी लागली तेव्हा मनात आलं, आता दोन महिने होऊन गेले, ती विचारेल, एवढे दिवस काय करत होतात? प्रत्येक न केलेला फोन पुढच्या फोनच्या आड येऊन उभा राहिला. मी वर्गात मुलांना जे फळ्यावर समजावते ते माझ्या स्वतःच्या घशात चाललं होतं, आणि मला ते कळतही होतं.

वडील अधूनमधून विचारायचे. त्यांनी तिला एकदाच पाहिलं होतं, ती सुताबद्दल आभार मानायला घरी आली होती तेव्हा. त्या पोरीला सांगितलंस का? मी म्हणायचे, सांगते. त्यांना एवढंच कळलं होतं की त्यांच्या सुतावर नसलेल्या खळीचा आळ आला आणि तो एका परक्या पोरीने भोगला. सायझिंगच्या माणसाला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

एकदा ती मला समोरासमोर भेटली. मी कोनच्या नाक्यावर भिवंडीच्या शेअर रिक्षात चढले तर ती आधीच आत बसलेली. कल्याणहून येत होती, मांडीवर औषधांची पिशवी. मला पाहून तिला खरंच आनंद झाला. वडील कसे आहेत, टाकी चालते का, सगळं विचारलं. मग म्हणाली, गॅप बदलायचा स्क्रू तेव्हा घट्ट होता, आता फिरतो का?

इतकं सरळ दार कुणी कुणासाठी उघडत नाही. मी म्हटलं, नाही, तो पार अडकलाय.

ती म्हणाली, तेल सोडून बघा. पुढे उतरून तिने हात केला. मीही केला. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आईने विचारलं तर पित्त झालंय म्हटलं. एवढा नीच वागणारा माणूस मी दुसरा कुणी पाहिला असता तर त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. पण स्वतःशी बोलणं कसं टाकणार?

त्यानंतर टाकीसमोर बसणं मला जड जायला लागलं. दुपारी पडदे ओढले की ती यायची. डाव्या खांद्यामागे उभी राहून आकडे म्हणायची. सहावा, सातवा. सातव्यानंतर गप्प. मी काही म्हणावं म्हणून वाट पाहत असल्यासारखी गप्प.

वडील गेल्या हिवाळ्यात गेले. तीस वर्षं त्या वाफेत आणि सुताच्या धुरळ्यात काढलेली छाती, तिने शेवटी साथ सोडली. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या उशाशी होते. ऑक्सिजनची नळी त्यांनी बोटाने जराशी बाजूला केली. मला वाटलं पाणी हवंय.

"सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी नळी पुन्हा नीट लावून घेतली आणि डोळे मिटले. मरणाऱ्या माणसाला मी खोटं सांगितलं, आणि त्याने ते खरं मानलं.

तेव्हापासून पंपाच्या बाजूने खोकला येतो. तो पंपाचाच आवाज आहे, तेल जुनं झालं की पंप तसा वाजतो. मी तेल बदललं. खोकला गेला नाही. शेवटी या उन्हाळ्यात मी सगळे आकडे नीट मांडले, एक छोटा लेख लिहिला, त्यावर पहिलं नाव तिचं घातलं, आणि तिला फोन केला. ती म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत या, गेटच्या बाहेर चहाची टपरी आहे, तिथे भेटू.

मानकोलीला कंटेनरच्या रांगेतून वाट काढत मी तिथे पोहोचले. ती आधीच येऊन थांबली होती. आता ती परत आलेला माल तपासणाऱ्या विभागाची सुपरवायझर आहे. गळ्यात ओळखपत्र, हातात चिकटपट्टीचे डाग, कपाळावर दोन आठ्या ज्या आधी नव्हत्या. लग्न झालं होतं. वडिलांचं कळल्यावर तिचे डोळे भरून आले. मी आणखी काही बोलत बसले असते तर पुन्हा राहिलं असतं. म्हणून चहा यायच्या आधीच म्हटलं.

"तू बरोबर होतीस. तो स्पेस चार्जच होता. सुतावर खळ नव्हतीच. मी चुकले, आणि मुलाखतीत जे बोलले ते तुझ्यावर ढकलण्यासाठी बोलले."

मी लेख पुढे केला. तिने पहिल्या पानावरचं आपलं नाव वाचलं, मग त्याखालची मोकळी ओळ बोटाने दाखवून विचारलं, इथे पत्ता कोणता लिहिणार? लेखात नावाखाली संस्था लिहावी लागते. मी म्हटलं, आपलं कॉलेज लिहू, काम तिथेच झालं. तिने मान हलवली आणि पानं उलटून थेट आलेखावर गेली. दोन गॅपच्या दोन रेघा. तिने खिशातलं पेन काढून दोन्ही वाकांवर खूण केली, मधलं अंतर मोजलं, आणि मला वाटतं एका मिनिटासाठी ती मानकोलीत नव्हती. जास्त गॅपला किती नमुने घेतले, व्होल्टेज क्षणभरच, पल्ससारखं, देऊन पाहिलं का, तिसरा गॅप का नाही घेतला, असं भराभर विचारत सुटली. मी उत्तरं देत होते. चहा निवत होता. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. वाटलं, सुटले. एवढंच तर करायचं होतं.

मग तिने आलेखाच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे मोजणीचा महिना आणि साल लिहिलेलं होतं. आम्ही प्रत्येक आलेखावर ते लिहितो, तिला मीच शिकवलं होतं. माझ्या ते लक्षातही नव्हतं.

"हे तीन वर्षांपूर्वीचं हाय," ती म्हणाली. इतका वेळ ती माझ्याशी कॉलेजातल्या भाषेत बोलत होती, आता घरच्या.

मी हो म्हटलं.

"तवाच कळलं व्हतं तुमाला?"

मी पुन्हा हो म्हटलं. रिक्षातली भेट त्यानंतरची, हेही तिला कळलं असणार. ती रस्त्याकडे पाहत राहिली. समोरून एक लांबलचक कंटेनर वळण घेत होता. मग तिने पानं एकावर एक नीट जुळवली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि माझ्या हातात दिली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"तीन वर्षांपूर्वी मी सत्तावीसची होते, मॅडम. फेलोशिपला अठ्ठावीस पूर्ण होईपर्यंत अर्ज करता येतो. तेव्हा सांगितलं असतंत तर मी केला असता."

सुट्टी संपली होती. गेटवरच्या माणसाने हाक मारली तशी ती उठली, मला नमस्कार केला आणि कार्ड दाखवून आत गेली.